मागचे पुढे या

“मागचे पुढे या.”

भाऊ हे ओरडून सांगत नसत. पायऱ्या सुरू होण्याआधी ते थांबायचे, वळायचे आणि पडदा सरकवावा तसा उजवा हात हवेतून बाजूला न्यायचे. तेवढ्यावर बसभर माणसांची रांग उलटी व्हायची. गळ्यात कॅमेरा अडकवून आधीच पुढे पळालेले मुकाट्याने मागे यायचे, आणि पदर खोचून, हातात चपला घेऊन शेवटी येणाऱ्या एखाद्या बाई सगळ्यांच्या पुढे जाऊन उभ्या राहायच्या. त्या लाजायच्या. “अहो, मी कशाला पुढे?” म्हणायच्या. भाऊ म्हणायचे, “तुम्हीच. चला.” मग चढ सुरू व्हायचा.

सगळ्यात हळू चालणारा सगळ्यात पुढे, आणि त्याला कोणी ओलांडायचं नाही. आमच्या टूरवर एवढा एकच नियम होता. बाकी खिडकीची सीट, चहातली साखर, आंघोळीचा नंबर, यांवरून तुम्ही खुशाल भांडा.

ऐंशीच्या दशकाच्या मध्याला मी घाटकोपरच्या एका छोट्या सहल कंपनीत लागले. बायकांच्या अडचणी पुरुष मॅनेजरला सांगता येत नाहीत, तेव्हा प्रत्येक टूरवर एक बाई असावी असं मालकांनी ठरवलं होतं, आणि आमच्या चेंबूरमध्ये माझ्याइतकी फटकळ बाई त्यांना दुसरी मिळाली नसावी. ऑफिस म्हणजे पिठाच्या गिरणीला लागून असलेला एक गाळा. टेबलावरच्या जाहिरातीच्या कागदांवर दिवसभर पीठ बसायचं. कैलास लेण्याच्या फोटोवर बोटाने आपलं नाव लिहिता यायचं, मी लिहीतही असे.

भाऊ तिथे टूर मॅनेजर होते. मूळचे कणकवलीकडचे, अर्धं आयुष्य कापडगिरणीत गेलेलं. संपात गिरणी गेली, तेव्हा कोणीतरी त्यांना टूरच्या बसवर सामान चढवायला आणलं. सामान चढवता चढवता ते माणसंही चढवायला लागले आणि तिथेच राहिले.

पहिल्याच टूरवर मी त्यांच्याशी भांडले. अजिंठ्याच्या पायऱ्यांवर मुलुंडच्या एका स्थूल बाईंच्या मागे अख्खी बस गोगलगायीच्या वेगाने चालली होती आणि माझा जीव नुसता वर-खाली होत होता.

“भाऊ, अशाने आपण दिवाळीला निघालेलो होळीला पोचू.”

“तू कधी मागे राहिलीस का गं?” त्यांनी विचारलं.

“मी कशाला मागे राहीन?”

“मग तुला नाही कळायचं. बघ. पुढचे वर पोचतात. बसतात, पाणी पितात, गाईडचं ऐकतात. तोवर मागची बाई धापा टाकत पोचते. तिला बघितलं की पुढचे उठतात. आल्या ना, चला आता. म्हणजे ज्यांना दम लागत नाही त्यांना विश्रांती, आणि जिला लागतो तिला नाही.”

तुम्हीच आठवून बघा. कधी कार्ल्याला, नाहीतर आपल्या बोरिवलीच्या कान्हेरीला घरच्यांबरोबर गेला असाल. तेव्हा मागे कोण राहिलं होतं, आणि ते माणूस पोचल्याबरोबर बाकीच्यांनी काय केलं? आमच्या घरात ते माणूस म्हणजे माझी आई. ती पोचली की आम्ही भावंडं उठून चालू लागायचो, आणि आई कुठल्याही सहलीला नको म्हणते म्हणून वर तिलाच नावं ठेवायचो. त्या दिवशी मी भाऊंशी पुढे वाद घातला नाही.

आता तुम्हाला वाटेल, हा माणूस इतिहासाचा मोठा जाणकार असणार. छे. भाऊंना लेण्यांतलं ओ की ठो कळत नव्हतं. चालुक्य, राष्ट्रकूट, यादव यांच्यात त्यांनी कधी भेदभाव केला नाही, जो राजा आठवेल त्याच्या नावावर ते देऊळ लावून मोकळे व्हायचे. मुलुंडचे एक रिटायर्ड प्राध्यापक आमच्याबरोबर नेहमी यायचे. त्यांनी एकदा चारचौघांत भाऊंची चूक काढली. भाऊंना जरासुद्धा राग आला नाही. “बरं झालं सर, माहिती तुम्हीच सांगा,” ते म्हणाले, “माझं काम न्यायचं आणि परत आणायचं.” तेव्हापासून सर माहिती सांगायचे आणि खूश असायचे.

वेरूळला तर मी त्यांना कैलास लेण्याकडे पाठ करून बसलेलं बघितलं आहे. एवढा डोंगर वरून खाली कोरून काढलेला, लोक तोंड उघडं टाकून बघतायत, आणि हे गृहस्थ अंगणातल्या एका दगडावर बसून पायऱ्या उतरणाऱ्या माणसांचे पाय बघतायत.

“भाऊ, मागे वळून बघा तरी. कैलास आहे तुमच्या मागे.”

“तो कुठे जातोय? ती निळ्या साडीवाली बघ. उजवा गुडघा वाकवत नाही. दुपारी तिला पुढे घ्यायला हवी.”

दुपारी निळ्या साडीवाल्या बाई पुढे होत्या. गुडघ्याचं त्यांनी कोणालाच सांगितलं नव्हतं.

या नियमाने आमची एकदा चांगली फजितीही केली. देवनारच्या एक आजी होत्या. सत्तरी ओलांडलेल्या, काटक, पण चालायला फार सावकाश. दरवर्षी यायच्या, आणि साहजिकच दरवर्षी पुढे असायच्या. दौलताबादला बुरुजांकडे जाणाऱ्या वाटेवर त्या अशाच पुढे होत्या आणि भाऊ शेवटी, पाण्याचा कॅन घेऊन. मध्येच आजी वाट सोडून डावीकडे वळल्या. पडक्या भिंती, गवत, झुडपं. त्यांच्या मागे सर वळले, सरांच्या मागे मी, माझ्यामागे अख्खी बस. ओलांडायचं नाही म्हणजे नाही. भिंतीच्या आडोशाला पोचून आजींनी मागे बघितलं, तर ही एवढी रांग.

“तुम्ही सगळे कुठं निघालात?” आजींनी विचारलं.

“आपण न्याल तिथे,” सर म्हणाले.

“अहो, मी लघवीला निघालेय.”

सर गर्रकन वळले आणि माझ्यावर आपटले. मी खालीच बसले, हसू आवरेना. मागच्यांना काय झालं ते कळेना, त्यामुळे ते आणखी पुढे येत राहिले. शेवटी आजींनीच सगळ्यांना काठीने हाकललं. ही गोष्ट पुढे त्या स्वतः दरवर्षी नव्या प्रवाशांना बसमध्ये सांगायच्या, आणि सर खिडकीबाहेर बघत राहायचे.

अशी चार-पाच वर्षं बरी गेली. मग एका मोसमात आमचा आचारी बाबू माझ्याकडे आला. बाबू मालवणचा. कांदा चिरता चिरता माणसांवर नजर ठेवायची त्याला सवय. म्हणाला, “सुमनताय, भाऊ हल्ली फुडे चलतत. बघलंस? पाण्याचो कॅन आता माकाच उचलूचो लागता.”

मी बघितलं नव्हतं. त्यानंतर बघायला लागले. खरंच, कायम शेवटी चालणारे भाऊ आता पहिल्या माणसाच्या शेजारी असायचे. लोकांना त्यात काही विशेष वाटत नव्हतं, मॅनेजर पुढेच असणार. आणि ज्या माणसाने कधी देवळाचा कळस वर मान करून बघितला नाही, तो आता दर दहा-बारा पायऱ्यांवर थांबून लोकांना काहीबाही दाखवायला लागला होता. “तो बघा पोपट.” “त्या झाडावर माकड आहे, दिसलं का?” लोक माकड शोधायचे. तेवढ्यात भाऊ श्वास घ्यायचे.

म्हणजे नियम तोच होता. सगळ्यात हळू चालणारा पुढे.

मी त्यांना गाठलं. “डॉक्टरला दाखवलंत?”

“दाखवलं. म्हणाला जिने टाळा.” भाऊ हसले. “मी चाळीत दुसऱ्या मजल्यावर राहतो. टाळू कसे? गॅलरीतून दोर सोडू?”

“हसू नका. काय आहे नक्की?”

“छाती भरून येते चढावर. सपाटीला काही नाही. तू शेटना बोलू नकोस.”

मी बोलले नाही. पण मालकांपर्यंत दुसरंच काही पोचलं. कोणीतरी तक्रार केली की कागदावर छापलेलं सगळं दाखवत नाहीत, पाणचक्की राहिली, संग्रहालय राहिलं, दुसऱ्या कंपन्या एका दिवसात याच्या दुप्पट दाखवतात. मालक तसे वाईट नव्हते, पण तरुण होते आणि घाईचे होते. त्यांनी आम्हा दोघांना ऑफिसात बोलावलं. “भाऊ, या दिवाळीच्या टूरला मीच येतो. वेळ कुठे जातो ते बघू. झेपत नसेल तर उगाच ओढू नका, इथे बुकिंगच्या टेबलावर बसा. बसून काम.”

मालक गेल्यावर भाऊ बराच वेळ जाहिरातींवरचं पीठ झटकत राहिले. मग म्हणाले, “घरी मुलगा आहे, सून आहे, सगळे चांगले आहेत. पण तिथे मी खोकलो तरी टीव्ही ऐकू येत नाही म्हणतात. टूरवर माणसं मला विचारतात, भाऊ जाऊ का, भाऊ बसू का, भाऊ जमेल का मला. हे मला हवं आहे गं. टेबलावर बसवलं तर मी नुसता म्हातारा होईन.”

मी त्यांच्या हातातले कागद घेतले आणि उरलेलं पीठ झटकायला लागले.

त्या दिवाळीला वेरूळ आणि अजिंठा कसेबसे निभावले. माकडं, पोपट, शेवटी एक सरडासुद्धा दाखवून झाला. मालक रांगेच्या शेवटी होते आणि सारखे मनगटावरच्या घड्याळात बघत होते. मग लोणार आलं.

लोणार तुम्ही बघितलं नसेल तर सांगते. सपाट जमिनीत अचानक एक प्रचंड वाटोळा खड्डा, तळाशी हिरवट पाण्याचं तळं, आणि काठाकाठाने झाडीत बुडालेली जुनी देवळं, कोणाचं शिखर पडलेलं, कोणाचे नुसते खांब उरलेले. आभाळातून काहीतरी येऊन आदळलं आणि हा खड्डा पडला, असं सरांनी सांगितलं. उतरायला जंगलातली वाट आहे. उतरताना काही वाटत नाही, आणि तिथेच माणूस फसतो. खाली पोचलो, पाण्याचा उग्र वास घेतला, देवीचं देऊळ झालं, आणि परतीचा चढ सुरू झाला. देवनारच्या आजी पुढे, त्यांच्याबरोबर भाऊ.

निम्म्या चढावर आजी ठीक होत्या. थांबत होते ते भाऊ. आता त्यांच्याकडे दाखवायला काही उरलं नव्हतं. ते थांबले की रांग थांबायची, आणि मागून मालकांचा आवाज यायचा, “भाऊ, पाय उचला जरा. वर गावातलं देऊळ बघायचं राहिलंय.”

भाऊंनी पाय उचलले. मी त्यांच्या मागेच होते, शर्ट पाठीला चिकटलेला मला दिसत होता. थोडं गेल्यावर ते बाजूच्या दगडावर बसले. चेहरा पिठासारखा झालेला. मी पाणी दिलं. त्यांनी ते हातात धरलं, प्यायले नाहीत.

“तुम्ही पुढे व्हा,” ते लोकांना म्हणाले.

कोणी हललं नाही. त्यांनी तोच हात तसाच बाजूला नेला. “व्हा पुढे. उन्हं वाढतायत. मी सुमनबरोबर येतो.”

आणि लोक गेले. तुम्ही-मी असतो तरी गेलो असतो, मॅनेजरच सांगतोय म्हटल्यावर. एकेक जण खाली बघत त्यांच्यासमोरून पुढे गेला. आजी गेल्या, सर गेले, शेवटी मालकही गेले, जाताना त्यांनी भाऊंच्या खांद्यावर हात ठेवला. त्यांनाही आता कळलं होतं. इतकी वर्षं ज्या माणसाने कोणाला कोणाच्या मागे राहू दिलं नाही, तो त्या खड्ड्यात मागे राहिला होता, आणि मला इतका राग आला की रडू येईल असं वाटलं. कोणाचा राग, ते तेव्हा सांगता आलं नसतं.

आम्ही बसत-उठत वर आलो. वर गोमुखाच्या धारेपाशी सगळी बस पसरून बसली होती. पाणी पिऊन, तोंडं धुऊन ताजी झालेली. मालक आम्हाला बघून उठले, टाळी वाजवून म्हणाले, “आले भाऊ. चला, चला.”

कोणी उठलं नाही.

“चला ना,” मालक म्हणाले.

“आम्हाला अजून दम लागलाय,” देवनारच्या आजी म्हणाल्या. त्यांचा श्वास अगदी संथ चालला होता. सरांनी पायातला बूट काढला आणि आत खडा नसतानाही तो उलटा करून झटकत राहिले. बाबूने कुठूनतरी स्टोव्ह आणून पेटवला. भाऊंनी सगळ्यांकडे बघितलं, आणि मग तेही पायरीवर बसले. चांगले ऐसपैस बसले. चहा झाला, दुसऱ्यांदा झाला. गावातलं देऊळ राहिलं ते राहिलंच. त्याची कोणी तक्रार केली नाही.

पण परतीच्या वाटेवर, बसमध्ये, भाऊ स्वतःहून मालकांच्या शेजारी जाऊन बसले. “शेट, पुढची टूर सुमनला द्या. मी टेबलावर बसतो.”

मी मागच्या सीटवर होते. मी तिथेच भडकले. “का म्हणून? लोक थांबले ना तुमच्यासाठी?”

“थांबले म्हणूनच,” भाऊ म्हणाले. “एकदा थांबले ते खूप झालं. दर वेळी माझ्यासाठी थांबले तर त्यांनी बघायचं काय, मला?”

मग त्यांनी डोळे मिटले. झोप लागली नव्हती, हे मला माहीत आहे.

टेबलावर बसून भाऊंनी जे केलं त्याचा मालकांनी विचार केला नव्हता. फोन यायचा, “आमच्या आईचे गुडघे दुखतात, जमेल का तिला?” भाऊ म्हणायचे, “जमेल. आमच्याकडे अशांना पुढे चालवतात.” कोणाला दमा, कोणाचा पाय लहानपणी पोलिओने गेलेला, कोणी ऑपरेशन होऊन उठलेलं. ज्यांना दुसरीकडे नाही म्हणायचे ते सगळे घाटकोपरला यायला लागले. माझी एक बस अशी निघाली की पुढे कोणाला उभं करावं हेच मला कळेना, सगळेच लायक होते. मी परत येऊन भाऊंवर खेकसले. ते पोट धरून हसले. मालक कपाळावर हात मारायचे, पण गाड्या भरून जात होत्या, म्हणून गप्प बसायचे.

असे दोन-तीन मोसम गेले. मग एका मे महिन्यात भाऊ गावी गेले आणि तिकडेच वारले. झोपेत गेले. मी तेव्हा बदामीच्या टूरवर होते, परत आल्यावर कळलं.

पंधरवड्याने त्यांच्या घरची माणसं मुंबईला आली, तेव्हा मी चाळीत भेटायला गेले. जिने चढून दुसऱ्या मजल्यावर. इतक्या वर्षांत मी त्यांच्या घरी कधी गेले नव्हते, वहिनींना, म्हणजे भाऊंच्या बायकोला, कधी बघितलंही नव्हतं. त्या कुठल्याच टूरवर आल्या नव्हत्या. लहानखुऱ्या, शांत बाई. खाटेवर बसल्या होत्या. मी दारात उभी राहिले आणि असल्या वेळी बोलतात ते बोलायला लागले. भाऊंनी किती फिरवलं लोकांना, किती जागा दाखवल्या.

“जागा?” वहिनी म्हणाल्या. “अगं, एवढं फिरले, पण घरी येऊन एका देवळाचं नाव कधी सांगितलं नाही. मी विचारायची, लेणी कशी आहेत हो? तर म्हणायचे, चांगली आहेत. आणि मग सुरू. कोणाचा गुडघा, कोणाचा दमा, कोणाला चक्कर आली. तुमच्या देवनारच्या आजींना मी कधी बघितलं नाही, पण त्या कोणत्या पायावर जोर देतात ते मला माहीत आहे.”

मला हसू आलं. मग त्यांनी माझ्याकडे नीट बघितलं.

“तू सुमन ना? डावी टाच कशी आहे तुझी?”

त्याआधीच्या वर्षापासून माझी डावी टाच दुखत होती. सकाळी पहिलं पाऊल टाकलं की डोळ्यांत पाणी यायचं. टूरवर मी चवड्यावर जोर देऊन दिवस काढायची. हे मी कोणाला सांगितलं नव्हतं, घरीसुद्धा नाही. भाऊंचं काय झालं ते मी डोळ्यांनी बघितलं होतं, मला त्या टेबलावर बसायचं नव्हतं. आणि भाऊ तेव्हा मला बघत होते ते फक्त ऑफिसच्या दोन पायऱ्या चढताना.

“त्यांनी सांगितलं तुम्हाला?”

“रोज सांगायचे. आणि वर बजावायचे, कोणाकडे बोलू नकोस, शेटच्या कानावर गेलं तर पोरीला खुर्चीवर बसवतील. तिला अजून फिरायचंय.”

बरी आहे, असं मी म्हणणार होते. तोंडावर आलंही होतं.

“दुखते,” मी म्हटलं.

“मग उभी का? बस ना,” वहिनी म्हणाल्या, आणि खाटेवर जरा सरकल्या. मी त्यांच्या शेजारी बसले, आणि त्या दिवशी मला लवकर उठता आलं नाही.